डायल-अप कनेक्शन गायब होते: फॉरमॅटच्या आधी एक शब्द टाइप करून बघा

विंडोज एक्सपी आणि डायल-अपच्या दिवसांत पारोळ्याच्या एका शिक्षकांनी विचारलेला हा प्रश्न आहे, उत्तरही तेव्हाचेच. घरी विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर, आत बसवलेला मोडेम (कॉम्प्युटरला टेलिफोनच्या लाइनशी जोडणारे कार्ड) आणि डायल-अप, म्हणजे टेलिफोनवरून नंबर फिरवून लागणारे इंटरनेट. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘नेटवर्क कनेक्शन्स’मध्ये तयार केलेले कनेक्शन आठ-दहा दिवसांनी गायब होते. विझार्ड चालवून पुन्हा तयार केले की चालते आणि काही दिवसांनी परत गायब. मुलगीही त्याच कॉम्प्युटरवर बसते. लाइट गेल्यानंतर पुष्कळदा सुरू होताना निळ्या पडद्यावर डिस्क तपासली जाते. शिवाय पावसाळ्यात कनेक्ट झाले तरी पाच-दहा मिनिटांत सुटते. दुकानदाराने सांगितले की फॉरमॅट मारल्याशिवाय, म्हणजे डिस्क पुसून सीडीवरून विंडोज नव्याने टाकल्याशिवाय इलाज नाही. खरेच मारावा लागेल का?

सर, नाही. फॉरमॅट मारू नका. मी जळगावात बारा वर्षे हे काम करतो आणि कनेक्शन गायब झाले म्हणून फॉरमॅट करावाच लागला, अशी वेळ माझ्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आली. फॉरमॅटने कनेक्शन ‘दुरुस्त’ झाल्यासारखे वाटते, कारण सगळेच नवे होते. पण मूळ कारण घरातच राहते आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा दुकानात. मधल्या मध्ये मुलीचे फोटो, शाळेच्या प्रश्नपत्रिका, मराठी फॉन्ट सगळे जाते.

आधी एक करा. स्टार्ट, मग रन, आणि त्या चौकटीत एकच शब्द टाइप करा: रासफोन. स्पेलिंग असे: आर, ए, एस आणि पुढे फोनचे नेहमीचे स्पेलिंग, मध्ये जागा सोडायची नाही. एंटर दाबा. विंडोजची डायल-अपची मूळ वही उघडते. नेटवर्क कनेक्शन्समध्ये दिसणारे चित्र म्हणजे या वहीतल्या नोंदीचा नुसता मुखवटा. मुखवटा दिसेनासा झाला म्हणून नोंद गेलीच, असे नाही. आता तीनपैकी एक गोष्ट घडेल. कनेक्शनचे नाव तिथे व्यवस्थित दिसेल, किंवा ७११ नंबरची एरर येईल, किंवा फोनबुक रिकामे असल्याचा निरोप येईल. तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. कुणी हे न बघताच सीडी काढत असेल, तर कॉम्प्युटर त्याच्या हातात देऊ नका.

नाव दिसले, तर तिथेच ‘डायल’ दाबून बघा, बहुतेक लागेल. म्हणजे बिघाड फक्त दाखवण्यात आहे. कधी तर तेवढेही नसते, डेस्कटॉपवरचा शॉर्टकट तेवढा गेलेला असतो. एक्सपीमध्ये डेस्कटॉप साफ करणारा एक विझार्ड आहे. तो दर ६० दिवसांनी विचारतो आणि आपण न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ केले की न वापरलेले शॉर्टकट एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. परीक्षेच्या दिवसांत दोन महिने नेट बंद ठेवलेल्या घरांत हे हमखास होते. पण नेटवर्क कनेक्शन्सची खिडकीच रिकामी दिसत असेल, तर तीन फायली पुन्हा नोंदवाव्या लागतात: नेटशेल, नेटसीएफजीएक्स आणि नेटमॅन, तिन्ही डीएलएल. रनमध्ये रेगएसव्हीआर३२ लिहून जागा सोडायची आणि पुढे फाइलचे नाव डॉट डीएलएलसकट. एकेक करून तिन्ही. यशस्वी झाल्याची छोटी चौकट आली की रिस्टार्ट.

एवढ्याने भागले नाही आणि मागे कधी विंडोज रिपेअर किंवा रिस्टोअर केलेले असेल, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जच्या कोठारात, एक जागा बघावी लागते: एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, नेटवर्क. इथे उजवीकडे ‘कॉन्फिग’ नावाची एक नोंद असते. ती खराब झाली की नवे कनेक्शनही तयार होत नाही. आधी डावीकडच्या ‘नेटवर्क’वर राइट क्लिक करून एक्सपोर्टने प्रत काढून ठेवा, मग फक्त ती उजवीकडची नोंद काढा आणि रिस्टार्ट करा. विंडोज ती स्वतः नव्याने लिहिते. डावीकडचे पिवळे फोल्डर काढायचे नाही. रजिस्ट्रीत कधी हात घातला नसेल, तर जाणकाराला शेजारी बसवून करा.

दुसरी शक्यता ७११. याचा अर्थ नोंद जागेवर आहे, पण ती उघडणारा नोकर झोपलेला आहे. एक्सपीमध्ये हा नोकर म्हणजे ‘रिमोट ॲक्सेस कनेक्शन मॅनेजर’ ही सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा विंडोजचा एक छोटा प्रोग्रॅम. ती बंद असली की डायल-अपची चित्रे दिसत नाहीत आणि विझार्डमध्येही डायल-अपचा पर्याय राखाडी होऊन बसतो. ही सर्व्हिस टेलिफोनी या दुसऱ्या सर्व्हिसवर अवलंबून आहे आणि टेलिफोनी पुढे प्लग अँड प्ले व रिमोट प्रोसिजर कॉलवर. साखळीतली एक कडी निखळली की खालचे सगळे अडते. रनमध्ये सर्व्हिसेस डॉट एमएससी लिहा. यादीत टेलिफोनीवर डबल क्लिक करा. स्टार्टअप टाइप ‘डिसेबल्ड’ असेल तर ‘मॅन्युअल’ करा, ॲप्लाय, मग स्टार्ट. ती चालू झाल्यावरच रिमोट ॲक्सेस कनेक्शन मॅनेजरला हात घाला, उलट क्रमाने केले तर ती उठत नाही. ‘नेटवर्क कनेक्शन्स’ आणि ‘कॉम प्लस इव्हेंट सिस्टिम’ या दोन सर्व्हिसही तिथेच तपासून घ्या. त्या बंद असल्या तरी खिडकी रिकामी दिसते.

या सर्व्हिस कोण बंद करतो? एक तर व्हायरस. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर आला तेव्हा आमच्या दुकानात रांग लागली होती. तो रिमोट प्रोसिजर कॉलच पाडायचा आणि साठ सेकंद उलटे मोजून कॉम्प्युटर बंद व्हायचा. पण माझ्या पाहण्यात जास्त वेळा हे काम माणसांनीच केलेले असते. १२८ एमबी रॅमवर एक्सपी रेंगाळते, म्हणून कुणी ‘स्पीड वाढवायला’ यादीतल्या दहा-पंधरा सर्व्हिस बंद करून टाकतो. त्या क्षणी कॉम्प्युटर खरेच थोडा हलका होतो. नेट बंद पडल्याचे मात्र दोन दिवसांनी कळते आणि तेव्हा दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

अमळनेरकडचे एक कापसाचे व्यापारी माझ्याकडे असेच आले होते. सीपीयू रिक्षात घालून आणलेला, त्यावर धूळ आणि जिनिंगची रुई. म्हणाले, “भाऊ, मना कंप्युटरमा नेटच दखास नई.” त्याआधी वर्षभरात त्यांच्या गावात तीनदा फॉरमॅट झाले होते. दर वेळी सीडी टाकणारा तोच माणूस शेवटी तीच ‘स्पीडची’ कात्री चालवायचा आणि टेलिफोनी बंद करायचा. तिसऱ्या वेळेला एका अख्ख्या हंगामाचे हिशेब गेले. कागदी वह्या होत्या म्हणून निभावले, पण त्यांच्या मुनीमजींनी दिवाळीपर्यंत रात्री बसून पुन्हा नोंदी केल्या. मी सर्व्हिस चालू केली, त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्या दिवशी मला आनंद झाला नाही, वाईटच वाटले. फॉरमॅटचे नाव काढले की मी इतका अडून बसतो, ते तेव्हापासून.

तिसरी शक्यता, फोनबुक रिकामे. सर, तुमचे वर्णन वाचून माझा अंदाज याच बाजूला झुकतो. एक कारण साधे आहे. एक्सपीमध्ये कनेक्शन तयार करताना विझार्ड विचारतो, हे सगळ्यांच्या वापरासाठी की फक्त माझ्यासाठी? ‘फक्त माझ्यासाठी’ निवडले की नोंद त्या एका युजरच्या फोल्डरमध्ये जाते. मुलीने स्वतःच्या नावाने लॉगिन केले की तिला कनेक्शन दिसणार नाही. ते गेलेले नसते, बाबांच्या खात्यात बसलेले असते. पण तुम्ही स्वतःच्याच लॉगिनमध्ये बघत असाल आणि तिथेही नसेल, तर फाइलकडे वळावे लागेल.

ही वही म्हणजे खरोखर एक छोटी फाइल आहे, नाव रासफोन डॉट पीबीके. सगळ्यांसाठीचे कनेक्शन असेल तर ती सी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, ऑल युजर्स, ॲप्लिकेशन डेटा, मायक्रोसॉफ्ट, नेटवर्क, कनेक्शन्स, पीबीके या रस्त्याने सापडते. ॲप्लिकेशन डेटा फोल्डर लपवलेले असते, तेव्हा आधी फोल्डर ऑप्शन्समधून लपलेल्या फायली दाखवायला सांगा. ती नोटपॅडमध्ये उघडून पाहा. चौकटी कंसात कनेक्शनचे नाव, खाली ओळीमागून ओळी, त्यातच पोर्टचा नंबर आणि तुम्ही डायल करता तो फोन नंबर. पासवर्ड तिथे नसतो, तो विंडोज वेगळा ठेवते. चांगल्या दिवशी ही फाइल बघून ठेवली असेल, तर वाईट दिवशी फरक लगेच कळतो: फाइल शून्य बाइटची झालेली असते किंवा आत नुसता कचरा असतो. अशा वेळी नंबर ६२१ ते ६२४ च्या एरर येतात. फोनबुक उघडत नाही, वाचता येत नाही, त्यात नोंद सापडत नाही, लिहिता येत नाही, असा त्यांचा अर्थ. डेस्कटॉपचा शॉर्टकट दाबल्यावर ६२३ आली, तर शॉर्टकट शाबूत पण नोंद गेली असे समजा.

आता ही फाइल का बिघडते? सर, तुम्ही निळ्या पडद्याचा उल्लेख केलात, तो फार मोलाचा आहे. आपल्याकडे लाइट पुष्कळदा जाते. लाइट जाते तेव्हा कॉम्प्युटरला नीट बंद व्हायला वेळ मिळत नाही. त्यातून आपल्या बाजूला कॉम्प्युटर जोडून देणाऱ्यांनी पुष्कळ एक्सपी फॅट३२ या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर बसवले आहेत, विंडोज ९८ शेजारी चालावे म्हणून. फॅट३२ मध्ये अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवायची सोय नाही. लाइट जाताना एखादी फाइल लिहिली जात असली, तर तिचा धागा तुटतो. पुढच्या वेळी निळ्या पडद्यावरची तपासणी असे तुटलेले तुकडे गोळा करते आणि सी ड्राइव्हवर फाउंड डॉट ००० अशासारख्या नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सीएचके शेपटीच्या फायली करून ठेवते. नाव शोधताना शून्ये मोजत बसू नका, ‘फाउंड’ने सुरू होणारे फोल्डर बघा. एकदा मी अशा तुकड्यांपैकी एक नोटपॅडमध्ये उघडला आणि आत चौकटी कंसातले कनेक्शनचे नाव आणि डायल करायचा नंबर जसाच्या तसा होता. त्याला पीबीके नाव देऊन जागेवर ठेवले आणि कनेक्शन परत आले.

म्हणून तुम्ही हे करा. माय कॉम्प्युटरमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. फाइल सिस्टिमसमोर फॅट३२ लिहिले असेल, तर ती एनटीएफएस, म्हणजे अर्धवट कामाची नोंद ठेवणाऱ्या नव्या पद्धतीची करून घ्या. त्यासाठी फॉरमॅट लागत नाही. आधी महत्त्वाच्या फायलींची सीडी लिहून घ्या. मग रनमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा आणि कन्व्हर्ट, जागा, सी कोलन, जागा, तिरकी रेघ एफएस कोलन एनटीएफएस अशी आज्ञा द्या. ती ड्राइव्हचे लेबल विचारेल. ते प्रॉपर्टीजमध्ये वरच्या चौकटीत असते तसेच लिहा. पुढे रिस्टार्ट झाल्यावर काम सुरू होते आणि ते चालू असताना लाइट जाता कामा नये. तेव्हा सलग लाइट असेल अशा वेळीच हात घाला. एकदा एनटीएफएस झाले की मागे येता येत नाही आणि विंडोज ९८ ला तो ड्राइव्ह दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

बिघडलेल्या पीबीके फाइलचे नाव बदलून जुनी असे काही करा, पुसू नका. मग विझार्डने कनेक्शन ‘सगळ्यांसाठी’ तयार करा, चालते का बघा आणि लगेच त्या नव्या फाइलची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर नाहीतर पेन ड्राइव्हवर ठेवा. पुन्हा गायब झाले तर त्या प्रतीवर नुसते डबल क्लिक केले तरी वही उघडते आणि तिथूनच डायल करता येते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड ओन्ली’समोर टिकची खूण नाही ना, तेही बघा. खूण असेल तर नवी नोंद राहत नाही.

यूपीएस असेल तर त्याची बॅटरी तपासा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, ती दीड-दोन वर्षांत थकते. दिवा हिरवा दिसतो आणि लाइट गेल्यावर दहा सेकंदही निघत नाहीत. खात्री करायची तर यूपीएसवर कॉम्प्युटर न जोडता एक साठचा बल्ब लावा आणि मेनची पिन काढून घड्याळ लावा.

एक गोष्ट आजच बघून घ्या. रासफोनच्या यादीत तुम्ही न केलेले, अनोळखी नावाचे कनेक्शन दिसते का? काही व्हायरस तुमचे कनेक्शन बाजूला सारून स्वतःचे बसवतात आणि त्यातून परदेशी नंबर फिरवतात. नेट चालत राहते, पण बिल आयएसडीचे येते. असे दिसले तर आधी फोनची पिन काढा, मग नोंद पुसा, अँटिव्हायरस चालवा आणि फोनला आयएसडीचे कुलूप लावून घ्या.

राहिला पावसाळ्यातला त्रास. तो या सगळ्यापेक्षा वेगळा आहे. तिथे कनेक्शनची नोंद शाबूत असते, लाइन सुटते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि जमिनीखालच्या केबलचे सांधे त्या ओढाताणीत ढिले होऊन पाणी धरतात. रिसीव्हर उचला, कोणताही एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल. आता शांत लाइन ऐका. खरखर, तडतड, दुसऱ्यांचे बोलणे ऐकू आले, तर मोडेमला तेच ऐकू येते आणि तो मधेच हात सोडतो. मग कॉम्प्युटरला दोष देऊ नका. पण तक्रार करण्याआधी घरातले तपासा. भिंतीवरचे रोझेट, म्हणजे फोनची तार जिथे जोडलेली असते ती डबी उघडा, दोन स्क्रू असतात. आत तांब्याची तार हिरवी पडली असेल तर टोक कापून, सोलून पुन्हा आवळा. मी मुंग्यांचे अख्खे वारूळ रोझेटमध्ये पाहिले आहे, अंड्यांसकट. उघडण्याआधी शेजाऱ्यांना सांगा की आत्ता फोन करू नका. एरवी त्या तारांत ४८ व्होल्टच्या आसपास असतात, पण घंटी वाजते तेव्हा चांगला झटका बसतो. माडीवरचा पॅरलल फोन, कॉलर आयडीचा डबा, सगळे काढा आणि मोडेम थेट रोझेटला लावून बघा. सुटणे थांबले, तर एकेक परत जोडत जा, चोर सापडेल. काहीच न जोडता खरखर असेल, तर टेलिफोन कंपनीकडे तक्रार द्या आणि ‘नेट चालत नाही’ असे न म्हणता ‘लाइनवर नॉइज आहे’ असे सांगा. बोलणे ऐकू येत असेल तर नेटची तक्रार बाजूला पडते.

लाइन दुरुस्त होईपर्यंत एक तात्पुरता आधार आहे. फोन अँड मोडेम ऑप्शन्स, मोडेमच्या प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. तिथल्या रिकाम्या चौकटीत एटीएस१०=५० असे लिहा, अक्षरे इंग्रजीत. समोरचा सूर हरपल्यावर किती वेळ वाट बघायची, ते हा आकडा ठरवतो, सेकंदाच्या दहाव्या भागात. पुष्कळ मोडेममध्ये तो मुळात १४ असतो, म्हणजे दीड सेकंदाहूनही कमी. ५० केला की पाच सेकंद थांबतो आणि छोटी तडतड पचवतो. २५५ लिहू नका, मग सूर गेला तरी लाइन सुटतच नाही आणि मीटर चालू राहतो. बरोबर वीस मिनिटे काही न केल्यावर सुटत असेल, तर तो दोष नाही. कनेक्शनच्या ऑप्शन्समध्ये रिकामे बसल्यावर फोन ठेवण्याची वेळ मुळातच २० मिनिटांची असते, ती वाढवा. कॉल वेटिंग असेल तर बंद करून घ्या. त्याच्या एका ‘टुक’नेही मोडेम सुटतो.

आणि आभाळ गडगडले की फोनची पिन मोडेममधून काढून ठेवा, फक्त कॉम्प्युटर बंद करून भागत नाही. वीज विजेच्या बोर्डापेक्षा जास्त वेळा टेलिफोनच्या तारेतून येते, असा माझा दर मृगातला अनुभव आहे. मोडेम गेला तर कनेक्शनचे चित्र जागेवर दिसते, पण ६८० किंवा ६९२ अशी एरर येते. मोडेमच्या प्रॉपर्टीजमधल्या डायग्नॉस्टिक्समध्ये ‘क्वेरी मोडेम’ दाबा. ओळी उमटल्या तर मोडेम जिवंत आहे, मग लाइन बघा. काहीच उत्तर आले नाही, तर आधी मोडेमचे कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने पुसून त्याच खाचेत घट्ट बसवा. दुसऱ्या खाचेत घातले की विंडोज त्याला नवा मोडेम समजते आणि तुमचे जुने कनेक्शन जुन्याच मोडेमची वाट बघत बसते.

सर, आज संध्याकाळी लाइट आली की रासफोन तेवढे चालवा. जी खिडकी उघडेल तिच्यातले शब्द आणि नंबर जसेच्या तसे कागदावर उतरवा, सी ड्राइव्हची फाइल सिस्टिमही लिहा आणि मला कळवा. तोवर दुकानदाराला थांबायला सांगा.